ग्राहक कुठे अडतो?

१९५९ साली हिंदुस्तान लिव्हरने सर्फ बाजारात आणला, तेव्हा आपल्याकडे कपडे वडीने घासून धुतले जात. बादलीभर पाण्यात पावडर टाकायची, फेस करायचा, कपडे भिजत घालायचे, हे सगळं घरोघरच्या बायकांना शिकवावं लागलं. दहा वर्षांत शहरी मध्यमवर्गाला ती सवय लागली आणि त्याच सुमाराला, १९६९मध्ये, अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या रसायनशास्त्राच्या पदवीधराने घरच्या घरी पिवळी पावडर बनवायला घेतली. सरकारी नोकरी सांभाळून ते सायकलवरून दारोदार पावडर विकत. भाव किलोला ३ रुपयांच्या आसपास. नामांकित कंपनीची पावडर त्या वेळी १३ रुपयांच्या घरात होती. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ही निरमा पावडर गावोगावी आणि चाळीचाळीत पोहोचली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला खपाच्या बाबतीत तिने सर्फला मागे टाकलं.

सर्फच्या जाहिराती लिंटास ही एजन्सी करत असे आणि लिंटासचे प्रमुख होते अलीक पदमसी. महाग वस्तू स्वस्त वस्तूसमोर कशी विकायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. अशा वेळी सुचणारी पहिली उत्तरं ठरलेली असतात. आमची पावडर जास्त पांढरं धुते. आमच्यात अमुक एक घटक आहे. स्वस्त पावडरीने हात खराब होतात. यातलं कुठलंही वाक्य लिहिता आलं असतं आणि कुठलंही लिहिलं असतं तरी ते वाया गेलं असतं, कारण सर्फने कपडे चांगले निघतात याबद्दल कुणालाच शंका नव्हती. निरमा घेणाऱ्या बाईलाही ते ठाऊक होतं. ती अडली होती भलतीकडेच. महिन्याच्या पगारात घर चालवून चार पैसे मागे टाकणं ही तिची हुशारी होती आणि त्या हुशारीवर घरात तिचा मान होता. चौपट पैसे मोजून पावडर आणली तर ती उधळी ठरणार, निरमा आणली तर शहाणी. वाद पांढरेपणाचा राहिलाच नव्हता. शहाणपण कुणाच्या बाजूला, एवढाच तो वाद होता.

पदमसींना उत्तर कुठे सापडलं हे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. त्यांची आई भाजीवाल्याशी चार पैशांवरून हुज्जत घालायची, पण चांगल्या वस्तूला भरपूर पैसे मोजताना कचरायची नाही. याचं कारण विचारल्यावर तिने मुलाला समजावलं, की स्वस्त मिळणं वेगळं आणि पैसे वसूल होणं वेगळं. त्यातून ललिताजी उभ्या राहिल्या. कविता चौधरी यांनी, म्हणजे पुढे ‘उडान’ ही मालिका लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या कविता चौधरींनी, ती भूमिका केली. भाजी घेताना स्वस्त माल आणि चांगला माल यांतला फरक ठणकावून सांगणारी ही बाई पावडरीचाही तसाच हिशेब मांडते: अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीइतकं काम करतो, मग स्वस्त काय पडलं? त्या काळच्या जाहिरातींतल्या बायका नवऱ्याच्या शर्टाकडे पाहून हसत असत. ललिताजी प्रश्न विचारणाऱ्याला उलट सुनावत. घासाघीस करणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांच्यात आपली शेजारीण दिसली आणि सर्फ घेणं हा हिशेबीपणा ठरला.

जाहिरातीच्या जगात ज्याला मोठी कल्पना म्हणतात, ती ही. ललिताजींच्या तोंडी ‘समझदारी’ हा शब्द ज्या ओळीत आला ती ओळ चांगलीच होती, पण कल्पना त्या ओळीत नव्हती. काटकसरीचा अर्थ कोण ठरवतो याबद्दल एक ठाम भूमिका घेतली गेली होती, आणि ती भूमिका इतकी सुपीक होती की तिच्यातून भाजीबाजार सुचला, अर्ध्या किलोचा हिशेब सुचला, बाईचा स्वभाव सुचला, तिच्या बोलण्याचा ठसका सुचला. नवे कॉपीरायटर बहुतेक वेळा इथेच चुकतात. ब्रीफ, म्हणजे क्लायंटने दिलेली कामाची माहिती, हातात पडताच ते ओळी पाडायला बसतात. यमकं जुळतात, श्लेष सुचतात, दहा-वीस हेडलाइन कागदावर येतात आणि त्यातली सर्वांत चटपटीत ओळ कल्पना म्हणून क्लायंटपुढे ठेवली जाते. अशी ओळ होर्डिंगवर आठवडाभर बरी दिसते. दुसरी जाहिरात करायची वेळ आली की मात्र हाताशी काहीच नसतं, कारण त्या ओळीच्या मागे काही नसतंच.

‘बिग आयडिया’ हा शब्दप्रयोग जगभरच्या एजन्सींमध्ये रुळला तो मुख्यतः डेव्हिड ऑगिल्वी यांच्यामुळे. मोठी कल्पना नसेल तर जाहिरात कुणाच्या नजरेत न भरता निघून जाते, असं त्यांनी १९८३च्या ‘ऑगिल्वी ऑन ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात बजावलं आहे. कल्पना मोठी आहे की नाही हे ओळखायला त्यांनी काही प्रश्नही दिले आहेत. पहिल्यांदा पाहताच श्वास अडकला का? ही मला सुचायला हवी होती असं वाटलं का? ती धोरणात चपखल बसते का? तीस वर्षं चालेल का? हे प्रश्न उत्तमच आहेत, पण ते कल्पना समोर आल्यानंतर विचारायचे आहेत. कोऱ्या कागदापुढे बसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. त्याच्यासाठी माझ्या मते एकच प्रश्न कामाचा आहे: ग्राहक नेमका कुठे अडतो? त्याला वस्तू आवडत असते, परवडत असते, दुकानात समोर दिसत असते, तरी हात पुढे होत नाही. तो हात कशामुळे थांबतो हे एका वाक्यात सांगता आलं, की निम्म्याहून जास्त काम झालं असं समजावं.

क्लायंटच्या ब्रीफमध्ये हे वाक्य क्वचितच असतं. त्याच्या ब्रीफमध्ये खप वाढवा, तरुणांपर्यंत पोहोचा, ब्रँड ताजा करा, असं असतं. ही क्लायंटची इच्छा झाली. अडसर ग्राहकाच्या मनात असतो आणि तो तिथे जाऊनच पाहावा लागतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅडबरीपुढे असाच प्रश्न होता. डेअरी मिल्क भारतात सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना आवडत होतं, पण ते लहान मुलांचं खाणं समजलं जाई. मामा घरी आला की भाच्यांसाठी आणायचा. परीक्षेत चांगले गुण मिळाले की आई द्यायची. मोठ्या माणसाने दुकानात उभं राहून स्वतःसाठी चॉकलेट घ्यायचं आणि तिथेच चांदी सोलून खायचं, म्हणजे जरा ओशाळवाणंच. मोठ्यांना चव नको होती असं मुळीच नाही. पोरकट दिसायचं नव्हतं. चॉकलेटमध्ये किती दूध आहे हे कितीही सांगितलं असतं तरी हा संकोच गेला नसता.

ऑगिल्वी यांच्याच नावाच्या एजन्सीमध्ये पीयूष पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये जी फिल्म केली, ती आज साठीच्या घरात असलेल्या वाचकांना अजून डोळ्यांसमोर दिसत असेल. क्रिकेटचा सामना, शतकाला एक धाव हवी असलेला फलंदाज, उंच उडालेला चेंडू, श्वास रोखून पाहणारी त्याची मैत्रीण. षटकार जातो आणि ती मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून थेट मैदानात नाचत शिरते. शिमोना राशी यांचं ते नाचणं कुठल्याही नृत्यदिग्दर्शकाच्या शिस्तीत न बसणारं होतं आणि त्यातच त्याची सगळी ताकद होती. दिग्दर्शन महेश मथाई यांचं, संगीत लुई बँक्स यांचं, हिंदी गाण्याला आवाज शंकर महादेवन यांचा. मोठ्यांनीही चॉकलेट खावं, असं फिल्म कुठेही सांगत नाही. मोठ्या माणसाच्या आतलं मूल अनावर होऊन बाहेर येतं तो क्षण किती सुंदर असतो, एवढंच ती दाखवते. ते पाहिल्यावर संकोच वाटायला जागाच उरत नाही.

हीच वाट पुढे लांबवर गेली. एकदा मोठ्यांच्या हातात चॉकलेट आल्यावर पुढचा अडसर दिसला: आनंदाच्या प्रसंगी आपण तोंड गोड करतो ते पेढ्यांनी. निकाल लागला, नोकरी लागली, बाळ झालं, की पेढे. चॉकलेट हे त्या अर्थाने गोडधोड नव्हतंच. ‘कुछ मीठा हो जाए’ ही मोहीम त्या जागेवर हक्क सांगायला आली. २०१०च्या ‘शुभ आरंभ’ मालिकेने तर काही चांगलं करायच्या आधी गोड खायची जुनी रीतच उचलली. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही-साखर ठेवणाऱ्या घरात ही गोष्ट समजावून सांगायची गरजच पडली नाही. मला हे काम १९९४च्या फिल्मइतकंच मोलाचं वाटतं, जरी त्याची चर्चा कमी होते. नवी सवय लावण्यापेक्षा असलेल्या सवयीत जागा मिळवणं नेहमीच सोपं, आणि ती सवय डोळ्यांसमोर असूनही तिच्याकडे जाहिरातीच्या नजरेने पाहायला मात्र चांगलीच तयारी लागते. आपल्या परळच्या विकोने लग्नातल्या हळदीचा समारंभ आपल्या पिवळ्या क्रीमच्या जाहिरातीत आणला, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. हळद लावल्याने नवरी उजळते यावर ज्या घराचा विश्वास आहे, त्या घराला वेगळा पुरावा काय द्यायचा?

कधी कधी मात्र ग्राहकाचा अडसर रास्त असतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हिरो होंडाची मोटारसायकल आली, पुण्याच्या कायनेटिक होंडाची गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी स्कूटर आली. ज्या बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत, ती आता तिरकी करून किक मारताना जुनाट दिसू लागली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणारी ती स्कूटर तंत्राच्या तुलनेत नव्या जपानी गाड्यांना हरवणार नव्हती. लिंटासने १९८९च्या ‘हमारा बजाज’मध्ये तुलनेच्या मैदानात पाऊलच टाकलं नाही. त्या फिल्ममध्ये मायलेज नाही, इंजिन नाही. स्कूटर पुसणारी, तिच्यावर कुटुंब बसवणारी, तिचा अभिमान वाटणारी वेगवेगळ्या घरांतली माणसं आहेत. वडिलांनी पहिली गाडी घेतली तो दिवस ज्या लाखो घरांनी साजरा केला होता, त्यांना ती जाहिरात स्वतःची वाटली.

उणीव मान्य करूनही कल्पना उभी राहू शकते, याचा सर्वांत धीट दाखला अमेरिकेतला आहे. भाड्याने मोटार देणाऱ्या कंपन्यांत हर्ट्झ पहिली होती आणि एव्हिस तिच्या बरीच मागे, तोट्यात. १९६२मध्ये एव्हिसचे नवे प्रमुख रॉबर्ट टाउनसेंड डॉइल डेन बर्नबाक या एजन्सीकडे गेले. एजन्सीच्या लोकांनी कंपनीत हिंडून चौकशी केली. गाड्या हर्ट्झपेक्षा चांगल्या नव्हत्या, शाखा जास्त नव्हत्या, भाडं कमी नव्हतं. माणसं मात्र जीव तोडून काम करत होती, कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता. पॉला ग्रीन या कॉपीरायटरने तेच लिहिलं: आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त कष्ट घेतो. आपण पहिले नाही हे पैसे खर्चून छापायचं, हे त्या काळात कुणी केलं नव्हतं. छापण्याआधी ही जाहिरात लोकांना दाखवली तेव्हा ती अनेकांना आवडलीही नाही. तरी एजन्सीशी ठरल्याप्रमाणे टाउनसेंड यांनी जाहिरात होती तशी जाऊ दिली आणि वर्षभरात कंपनी तोट्यातून नफ्यात आली. ती ओळ पुढे पन्नास वर्षं चालली. मोठ्या कंपनीकडे जावं की छोट्या, इथे मोटार भाड्याने घेणारा अडत होता. छोट्या कंपनीला त्याची जास्त गरज आहे, आणि म्हणून तिथे त्याची नीट विचारपूस होईल, हे त्याला एका वाक्यात पटलं. आणखी एक गोष्ट घडली. जाहिरातीत दिलेला शब्द काउंटरवरच्या माणसांनाही पाळावा लागला.

अडसर शोधायचा कसा? एजन्सीच्या थंडगार खोलीत बसून तो सापडत नाही. रोल्स-रॉइसची जाहिरात लिहिण्याआधी ऑगिल्वी तीन आठवडे त्या गाडीबद्दल मिळेल ते वाचत होते. ताशी ६० मैलांच्या वेगात या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो घड्याळाचा, हे १९५८ सालचं त्यांचं गाजलेलं शीर्षक त्यांना एका मोटार नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाच्या मजकुरात सापडलं. त्यांनी ते ओळखलं, हे त्यांचं कसब. जेम्स वेब यंग यांनी १९४०मध्ये कल्पना कशा सुचतात यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं, ते आजही छापलं जातं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कल्पना म्हणजे जुन्याच गोष्टींची नवी जोडणी. त्यासाठी आधी वस्तूबद्दल आणि माणसांबद्दल भरपूर गोळा करा, मग ते उलटसुलट करून चघळा, दमलात की सगळं बाजूला ठेवून नाटकाला जा, गाणं ऐका. जोडणी त्यानंतर अवचित होते, आणि मग ती व्यवहारात बसवायचं कष्टाचं काम उरतं. यातला ‘बाजूला ठेवा’ हा भाग सगळ्यांना आवडतो आणि ‘गोळा करा’ हा भाग सगळे उरकून टाकतात. पोटात काही नसेल तर नाटक पाहून काय सुचणार?

गोळा करायचं ते कुठून, याबद्दल माझा आग्रह आहे. वस्तू विकत घेणाऱ्याला का घेतली असं विचारलं, की तो शहाण्यासारखं उत्तर देतो. चांगली आहे, टिकते, घरात सगळ्यांना आवडते. त्यात फारसं काही नसतं. दुकानात एका बाजूला उभं राहावं आणि ज्याने वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत फळीवर ठेवली, त्याच्यामागे जावं. दुकानदाराला विचारावं, की परत करायला कोण येतं आणि काय म्हणून परत करतं. घरी जाऊन पाहावं, की डबा कुठल्या फळीवर ठेवलाय, रोजच्या हाताशी की पाहुण्यांसाठी वर. माणसं बोलतात त्यापेक्षा त्यांचे हात जास्त सांगतात.

आता आपणच एक काम करून पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल काढणारा उद्योजक आपल्याकडे आला आहे. गेल्या काही वर्षांत असे घाणे महाराष्ट्रभर झाले आहेत. त्याचं तेल रिफाइंड तेलापेक्षा बरंच महाग आहे. तो म्हणतो, शुद्धता दाखवा, आरोग्य दाखवा, आजीच्या काळातली चव दाखवा. नऊवारीतली आजी, लाकडी घाणा, बैल, सोनेरी धार, अशी जाहिरात तासाभरात तयार होईल. तशी ती प्रत्येक घाण्यावाल्याच्या पाटीवर आहेच. आपल्या क्लायंटचं नाव काढून शेजारच्या घाण्याचं नाव टाकलं तरी काही बिघडणार नाही. आरोग्याच्या दाव्याचा तर पुरावाही द्यावा लागतो. भारतात जाहिरातींवर नजर ठेवणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल १९८५पासून काम करते आहे, आणि तिच्या आधीपासून ग्राहकाची अक्कल काम करते आहे.

मग दुकानात उभं राहायचं. एकदा घेऊन परत न आलेल्या घरांमध्ये जायचं. तिथे काय ऐकू येतं? तेल छान आहे हो, पण वास फार येतो. तळताना फेसाळतं. आणि महिन्याला पाच लिटर लागतं, एवढं महागाचं कुठून परवडणार? शुद्धतेबद्दल कुणालाच शंका नाही. ललिताजींच्या वेळी पांढरेपणाबद्दल नव्हती तशीच. अडसर तीन आहेत: वास, फेस आणि भाव.

वासापासून सुरुवात करू. तेल रिफाइंड करताना शेवटी त्यातला वास काढून टाकण्याची एक स्वतंत्र प्रक्रिया असते. उच्च तापमानाला तेलातून वाफ सोडतात आणि गंध निघून जातो. दोन-तीन पिढ्या ते तेल वापरून आपली अशी समजूत झाली आहे, की चांगल्या तेलाला वासच नसतो. पण आपण कोथिंबीर वास घेऊन निवडतो, आंबा वासावरून ओळखतो, आंबेमोहोर तांदळाला तर त्याच्या वासासाठीच जास्त पैसे देतो. वासाची तक्रार आपण फक्त तेलाबद्दल करतो. इथे एक वाट दिसते, पण ती घेऊन थांबलो तर फेस आणि भाव हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

पुन्हा त्या घरांकडे पाहायचं. जे लोक हे तेल आवडीने घेतात ते कशासाठी वापरतात? लसणाच्या चटणीवर कच्चं घालायला. गरम भाकरीबरोबर. ठेच्यावर. मेतकुटावर. तळणाला फारसं नाहीच. म्हणजे पाच लिटरच्या डब्याची आणि कढईची कल्पना मुळात आपल्या क्लायंटच्या डोक्यातली आहे. हे तेल कढईतून ताटात आणलं तर? वरणभातावर तूप वरून घ्यायचं असतं, तसं हे भाकरीवर वरून घ्यायचं. तळायला तुमचं नेहमीचं तेल चालू द्या. ताटात वरून घेतल्यावर वास ही तक्रार राहत नाही, तीच तर चव. फेसाचा प्रश्न येत नाही. रोज चमचा-दोन चमचे लागणार, म्हणजे पावलिटरची बाटली कित्येक दिवस पुरेल आणि भावही अंगावर येणार नाही. ‘तुपाची धार वरणावर, आमची भाकरीवर’ अशी काहीतरी ओळ पुढे येईल. ती मोडून याहून चांगलीही लिहिता येईल. ओळ बदलली तरी कल्पना उभी राहते. आणि कल्पनेने फक्त जाहिरात बदलली असं नाही. बाटलीचा आकार बदलला, तिला धार सोडणारी बारीक चोच आली, दुकानातली जागा तेलांच्या डब्यांशेजारून लोणच्या-चटण्यांच्या फळीवर गेली, भाकरी देणाऱ्या खानावळींच्या टेबलावर मिठाशेजारी ती उभी राहिली. इतकं सगळं आपोआप सुचू लागलं, की कल्पनेत दम आहे असं मी मानतो.

कल्पना फिल्ममध्येच दिसायला हवी असंही नाही. २०१३च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने ऑगिल्वीकडून एक काम करवून घेतलं. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसण्याचा प्रश्नच नव्हता, ऐन जेवायच्या वेळी आठवत नाही, हा होता. कुंभातल्या शंभराहून अधिक स्वयंपाकघरांत पोळ्यांवर उष्णतेने एक छाप उठवला गेला. शाई नाही, रंग नाही, फक्त भाजलेली अक्षरं, आणि त्यांत लाइफबॉयने हात धुतलेत का, एवढाच प्रश्न. सुमारे २५ लाख पोळ्यांवर तो उमटला. पोळी हातात घेतल्याशिवाय तो वाचता येत नव्हता आणि वाचल्यावर लगेच उठून हात धुता येत होते. विसरण्याचा क्षण जिथे होता तिथेच आठवण जाऊन बसली.

इतकं चांगलं काम हाती लागलं, तरी मोठी कल्पना सगळं करू शकते अशा भ्रमात राहू नये. ललिताजींनी सर्फची बाजू सावरली, पण ज्या घराला खरोखरच परवडत नव्हतं त्या घराला कुठलाही हिशेब पटणार नव्हता. हिंदुस्तान लिव्हरने ते ओळखलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्हील ही स्वस्त पावडर वेगळी काढली. जिथे वस्तूच बदलायला हवी तिथे कॉपीरायटरने तसं स्पष्ट सांगावं. अडसरही कायम राहत नाहीत. २००५च्या सुमारास सर्फ एक्सेलने ‘दाग अच्छे हैं’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा काटकसरीचा वाद मागे पडला होता. आता डाग निघतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मळून आलेल्या मुलावर आई अजून ओरडत होती. बहिणीसाठी चिखलाच्या डबक्याशी मारामारी करणारा तो मुलगा पाहिल्यावर ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड मिटतं. ब्रँड तोच, पण अडसर नवा होता, म्हणून कल्पनाही नवी लागली.

तीस वर्षं टिकण्याची ऑगिल्वींची कसोटी आपल्याकडे सर्वांत स्वच्छ उतरली ती मुंबईच्या फलकांवर. १९६६मध्ये अमूल लोण्याचं काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आलं तेव्हा मुंबईत पोल्सनचं लोणी घट्ट पाय रोवून होतं. लोण्याबद्दल सांगण्यासारखं असतं तरी किती? ताजं आहे, चविष्ट आहे, पावाला लावा. चार जाहिरातींत सगळं संपतं. युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली खट्याळ मुलगी काढली. ती आधी लोण्याबद्दलच बोलली, पण लवकरच गावात ज्याची चर्चा आहे त्याबद्दल बोलू लागली: घोड्यांच्या शर्यती, संप, सिनेमा, निवडणुका, क्रिकेट. लोण्याचा विषय संपणारा होता, गावगप्पा संपणाऱ्या नव्हत्या. न्याहारीच्या टेबलावर वर्तमानपत्र आणि लोणी शेजारीशेजारी असतात, ही साधी जवळीक त्या कल्पनेच्या मुळाशी होती.

त्या कल्पनेला जागतं ठेवलं ते मात्र अमूलचे प्रमुख वर्गीस कुरियन यांच्या एका निर्णयाने. फलक ताज्या विषयावर हवा तर तो विषय ताजा असतानाच लागायला हवा. आणंदच्या कार्यालयात मसुदा पाठवा, वरिष्ठांची सही घ्या, दुरुस्त्या करा, पुन्हा पाठवा, यात घटना शिळी झाली असती आणि प्रत्येक सहीगणिक चावा बोथट झाला असता. कुरियन यांनी एजन्सीला मंजुरी न घेता फलक लावायची मोकळीक दिली. त्यावरून आरडाओरडा झाला, नोटिसा आल्या, तरी ती काढून घेतली नाही.